घरातली थंडी

जानेवारीत ग्वाल्हेरला सकाळी अकराच्या सुमारास कुणाकडे गेलात, तर चपला काढेपर्यंतच यजमान म्हणतील, ‘चला, वर बसू.’ वर म्हणजे छतावर. बैठकीची खोली झाडूनपुसून ठेवलेली असते, दिवाणावर धुतलेली चादर असते, पण तिथे कुणी बसत नाही. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा असतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे चटकन पटत नाही. थंडी म्हटली की दारं-खिडक्या लावून आत बसायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आमच्याकडे ऊब हवी असेल तर घराबाहेर पडावं लागतं.

दोष थंडीइतकाच घरांचा आहे. शिंदे की छावनी हा ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला जुना मोहल्ला.  अटलबिहारी वाजपेयींचा जन्म याच मोहल्ल्यातला, तोही ऐन थंडीतला, २५ डिसेंबर १९२४ चा. इथली जुनी घरं वालुकाश्माची. भिंती जाडजूड, वर दगडी पटियांचं छत, खाली फरशी, मधे अंगण. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लू अंगाला चटके देते, तेव्हा या घरांसारखं सुख नाही. बांधणाऱ्याने उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलं आणि ते बरोबरच केलं, कारण उन्हाळा माणूस मारतो. पण त्याची किंमत हिवाळ्यात मोजावी लागते. डिसेंबरच्या शेवटी उत्तरेचा वारा सुटला, धुकं पडलं, पारा तीन-चार अंशांवर आला की दगड रात्रभर थंडी पितो आणि दिवसभर ती पुरवून पुरवून घरात सोडतो. बाहेर ऊन पडून दोन तास झाले तरी आतल्या फरशीला त्याची खबर नसते.

लश्कर हे मुळात छावणीचं शहर. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे शिंदे उत्तरेत आले, आणि १८१० मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्काम टाकला. तंबू गेले, वाडे आले, नाव मात्र लश्करच राहिलं. फौजेबरोबर दप्तर आलं, दप्तराबरोबर दक्षिणी कारकून आले, आणि त्यांच्याबरोबर बोरू, दौत, मोडीचे फर्रे. मोडी लिहायची म्हणजे हात उचलायचा नाही, एका दमात ओळ ओढायची. त्यासाठी बोटं लवचीक हवीत. माघातल्या सकाळी अशी ओळ ओढून बघा. अक्षर आपोआप आखडतं.

त्यानंतर सरकारं बदलली, पण लिहिणाऱ्या हातांचं हे गाव तसंच राहिलं. १९४८ मध्ये मध्यभारत राज्य झालं तेव्हा राजधानीवरून इंदूर आणि ग्वाल्हेर यांच्यात ओढाताण होती. तोड अशी निघाली की उन्हाळ्यात राजधानी इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. म्हणजे फायली चालवायच्या त्या बोटं आखडतील अशा महिन्यांत आणि अशा जागी. अर्थात उन्हाळ्याची राजधानी इथे ठेवली असती तर फायलींबरोबर कारकूनही वाळले असते, तेव्हा सौदा वाईट नव्हता. १९५६ मध्ये ते राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं. महालेखाकारांचं कार्यालय आणि महसूल मंडळ मात्र ग्वाल्हेरातच आहेत. कचेरी कोणतीही असो, जानेवारीच्या दुपारी बाहेरच्या उन्हात माणसं उभी दिसतात. पाठ सूर्याकडे, हात मागे बांधलेले, तळवे उघडे. परका माणूस म्हणेल, काय कामचुकार आहेत. ज्याने आत बसून आकडे लिहिलेत तो असं म्हणणार नाही.

माझं काम घरात बसून करायचं आहे. पुण्याच्या एका प्रकाशकाची मुद्रितं मी तपासते. कागदी मुद्रितं येत होती तोवर ती घेऊन छतावर जाता यायचं. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर वरवंटा ठेवला की झालं. शेजारच्या छतावर कुणी मटार सोलतंय, कुणी स्वेटर विणतंय, कुणाचं पोर पहाडे पाठ करतंय, आणि मधे मी ऱ्हस्व-दीर्घ बघतेय, असा मजेचा कारखाना चालायचा. आता सगळं संगणकावर आलं. लॅपटॉप उन्हात नेला की पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो, अक्षर दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाला वही उचलून उन्हात जायची जी मुभा होती, ती माझ्या यंत्राने काढून घेतली.

म्हणून मी आत बसते आणि हातांकडे बघते. उजवा हात आधी गारठतो. डावा हात कळफलकावर निदान फिरत असतो, खालून यंत्राची थोडी धग लागते. उजवा माउसवर पडून असतो, एक बोट काय ते हलतं. तासाभरात करंगळी पांढुरकी होते, नखांवर निळसर झाक येते, आणि वेलांटी द्यायला गेलेलं बोट शेजारच्या कळीवर पडतं. हात दुखत नाही. दुखला असता तर निदान लवकर लक्ष गेलं असतं. तो फक्त आपला वाटेनासा होतो.

असं का होतं, ते डॉक्टर सांगतात तेव्हा शरीराचा हिशेबीपणा कळतो. दुष्काळात घरचा कर्ता आधी चुलीजवळच्या माणसांचं बघतो, लांबच्या वस्तीवर उरलंसुरलं पाठवतो. शरीर तसंच वागतं. पोट, छाती, मेंदू यांची ऊब घटते आहे असं वाटलं की ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि गरम रक्त आत राखतं. बोटांवर मांस कमी आणि कातडीच जास्त, त्यामुळे ती भराभर थंड होतात. कातडीचं तापमान १५ अंशांच्या आसपास उतरलं की बारीक काम जमेनासं होतं. सांध्यांतलं वंगण दाटतं, मज्जातंतूंमधून निरोप सावकाश पोचतात. आणखी एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. बोटांपर्यंत येतात त्या नुसत्या दोऱ्या.

एवढं कळलं की उपायांची दिशा बदलते. हात गरम ठेवायचे तर हातांच्या मागे लागून उपयोग नाही. हात चोळा, फुंकर मारा, कढत चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरा, पाच मिनिटं बरं वाटतं. ग्लास खाली ठेवला की पहिले पाढे पंचावन्न. शरीराला आतून भरवसा वाटला पाहिजे की तोटा नाही, मग ते स्वतःहून हातांकडे रक्त सोडतं. म्हणून आधी छाती-पाठ. जाड स्वेटर एक घालण्यापेक्षा सुती बनियन, वर लोकरीचं पातळ, वर बंडी, असे थर बरे. मग डोकं आणि कान. घरात कानटोपी घालून बसलेल्या माणसाला हसणारे ग्वाल्हेरात एक थंडी काढून जावेत. मग पाय. आमच्याकडे हिंदीत म्हणतात, पैर गरम, पेट नरम, सिर ठंडा. यातल्या डोक्याचं जानेवारीत ऐकू नये, पण पायांचं शंभर टक्के खरं. फरशीवर पाय टेकून बसलात तर वर कितीही शाली पांघरा, व्यर्थ. टेबलाखाली तागाचं पोतं दुमडून घालावं, त्यावर जुन्या रजईचा तुकडा, त्यावर मोजे घातलेले पाय.

हातांसाठी म्हणून जी एक वस्तू मला पटली ती आजीची. घरातला स्वेटर कोपरावर विरला की ती त्याच्या बाह्या कापायची. अंगाचा भाग उसवून त्याची लोकर गुंडाळून ठेवायची, आणि बाह्यांचे कापलेले काठ सुईने बांधून घ्यायची. मनगटाच्या विणीत अंगठ्यापुरती फट ठेवली की बाही कोपरापासून पंजाच्या मध्यापर्यंत येते, बोटं मोकळी राहतात. आजी ती घालून तांदूळ निवडायची. स्नायू कुठे असतात ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण बाही बरोबर त्यांच्यावरच बसायची. मनगटाशी शुद्ध रक्ताच्या नळ्या कातडीच्या अगदी जवळून जातात, तिथेच नाडी लागते, आणि तिथेच दुहेरी वीण असते. बाजारात बोटं उघडी ठेवणारे मोजे मिळतात, पण ते मनगटावरच संपतात आणि पुष्कळदा घट्ट असतात. घट्ट मोजा रक्त अडवतो, म्हणजे ज्यासाठी घातला तेच बिघडवतो. १९०५ पासून भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात लोकरीच्या दुकानांवर दर थंडीत झुंबड असते. मी तिथून स्वेटर आणते, पण मनात हिशेब असतो तो पुढे त्याच्या बाह्यांचा.

या तयारीवर मांडीत रबराची गरम पाण्याची पिशवी घेतली की खोली थंड असली तरी चालतं. दोन हजार वॉटचा ब्लोअर तासाला दोन युनिट वीज खातो आणि उंच छताखालची हवा तापवतो. गरम हवा वर जाऊन पटियांना मिळते आणि मी खाली तशीच. खोलीपेक्षा माणूस तापवणं स्वस्त पडतं.

आणि शेगडी? म्हाताऱ्या माणसांना अजून तिचीच ओढ. निखाऱ्यांवर धरलेल्या तळव्यांचं सुख दुसऱ्या कशात नाही, हे मीही मान्य करते. पण ती अंगणात, उघड्यावर. बंद खोलीत कोळसा जळायला लागला की हवेतला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला वाटतं, ऊब लागली म्हणून झोप येते आहे. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात अशी झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. पूर्वीच्या घरांची दारं फटींची होती, हवा खेळायची, म्हणून आजोबा-पणजोबांचं निभावलं. आता आपण फटी बुजवल्या, काचा बसवल्या. त्या घरात जे चाललं ते या घरात चालणार नाही.

ज्यांची भाकरी बोटांवर आहे अशी आणखी एक जमात ग्वाल्हेरात पिढ्यानपिढ्या राहते. तानसेन समारोह १९२४ पासून चालू आहे आणि तो होतो डिसेंबरात, हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीजवळ, मांडव घालून. २०२४ मध्ये त्याचा शंभरावा सोहळा झाला. सुरुवातीला ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद, ही जुनी रीत. नंतर रात्री उशिरापर्यंत गाणं-वाजवणं. श्रोते रजया घेऊन येतात. गवयाचं त्यातल्या त्यात बरं, त्याचा गळा मफलरात असतो. सरोदवाल्याचं बघा. सरोदला पडदे नसतात. डाव्या हाताच्या बोटांची नखं तारेवर टेकवून ती गुळगुळीत पोलादी पट्टीवरून सरकवायची. डिसेंबरच्या रात्रीचं पोलाद! जीवाजी गंजात हाफिज अली खाँसाहेबांचं घर आहे, आता तिथे सरोद घर नावाचं संग्रहालय आहे. अमजद अली खाँ याच घरात वाढले. काचेमागचं वाद्य बघताना माझं लक्ष त्या चकचकीत पट्टीकडेच जातं. वादक मंचावर येतात तेव्हा त्यांचे हात शालीखाली असतात, आणि पहिला सूर लागायच्या क्षणापर्यंत ते बाहेर निघत नाहीत. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड वाजवायला बसण्यापूर्वी बराच वेळ हात गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि उन्हाळ्यातही हातमोजे घालायचा. लोक त्याला विक्षिप्त म्हणायचे. तो ग्वाल्हेरला आला असता तर इथल्या वादकांनी त्याला आपल्यातलाच मानलं असतं.

थंडीतलं एकच काम असं आहे की ज्यात हात गारठत नाहीत, उलट भाजतात. ते संक्रांतीच्या हलव्याचं. लश्करातल्या मराठी घरांत सुनेच्या पहिल्या संक्रांतीला, बाळाच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने लागतातच, आणि जिथे एखादी जुनी बाई आहे तिथे हलवा अजून घरी होतो. मंद निखाऱ्यांवर परात, परातीत तीळ, बाजूला साखरेचा पाक. चमच्याने पाकाचे थेंब सोडायचे आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं, थांबायचं नाही. थांबलं की गोळा. कोरड्या गारठ्यात काटा चांगला येतो, म्हणून हे काम भल्या पहाटे. पाठ कुडकुडते आहे, बोटांची टोकं लाल झाली आहेत, आणि तिळावर इवले इवले पांढरे काटे फुटताहेत. तो हलवा हातावर घेऊन आपण सगळे काट्याचं कौतुक करतो, हाताचं क्वचित.

तिथेच मला मुद्द्याचं सापडतं. थंडीत हातांची काळजी करायची तर आपण कोणत्या हातांची करतो? लिहिणाऱ्याच्या, वाजवणाऱ्याच्या. मोजे, पिशव्या, चहा, सगळं टेबलापाशी येतं. पण घरात सगळ्यात थंड हात टेबलापाशी नसतातच. ते मोरीत असतात. सकाळी सातला, धुकं असताना, आमच्या मोहल्ल्यात घरोघरी भांडी घासायला बाया येतात. रात्रभर उघड्या छतावर राहिलेल्या टाकीचं पाणी नळाला येतं. त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून त्या रात्रीची खरकटी कुकर, कढया, ताटं काढतात. ज्या घरात बाई लावलेली नाही, तिथे हे हात आईचे किंवा सुनेचे असतात. ओले हात कोरड्या हातांपेक्षा कितीतरी वेगाने थंड होतात, कारण पाणी हवेपेक्षा फार झपाट्याने उष्णता ओढतं. वरून साबण कातडीचं तेल काढून नेतो. जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यांची बोटं सुजून लाल-जांभळी होतात, उबेत गेली की खाजतात, सांध्यांवर चिरा पडतात. यासाठी बर्फ पडावा लागत नाही. शून्याच्या वरची ओली थंडी पुरते.

विचारलं तर घरचे सांगतात, ‘तिला सवय आहे.’ सवयीचंही एक शास्त्र आहे. १९३० मध्ये थॉमस लुईस या ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञाने दाखवलं की बोट बर्फाच्या पाण्यात धरलं तर आवळलेल्या रक्तवाहिन्या पाच-दहा मिनिटांनी आपोआप थोड्या उघडतात, पुन्हा आवळतात, पुन्हा उघडतात. गार पाण्यात सतत काम करणाऱ्या कोळ्यांसारख्या माणसांत हे लवकर होतं. म्हणजे सवय खोटी नाही. पण त्या सवयीने बोट गोठायचं वाचतं, इतकंच. चीर बुजत नाही, सूज उतरत नाही. आणि कुणाची बोटं थंडीत आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल होत असतील, तर त्याला मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टराने १८६२ मध्येच वर्णन केलेला विकार म्हणतात. तो डॉक्टरला दाखवावा लागतो, सवयीवर सोडता येत नाही.

जाड भिंतींची घरं उन्हाळ्यासाठी बांधली ती आपल्या हातात नव्हती. पाण्याच्या नळ्या मात्र आपण बसवल्या. बहुतेक घरांत गिझर न्हाणीघरात आहे आणि गरम पाण्याची नळी तिथल्याच भिंतीत संपते. भिंतीपलीकडे दोन हातांवर मोरी असते, तिथे एकच तोटी, तीही गार पाण्याची. शरीर हातांना सगळ्यात शेवटी रक्त पाठवतं, त्याला तरी जीव वाचवण्याचं निमित्त आहे. नळीचं काम करताना आपल्याला कोणतं निमित्त होतं?

करायचं थोडंच आहे. अंगणात बोअर असेल तर सकाळी मोटर लावून ताजं पाणी द्या. जमिनीतून आलेलं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, टाकीतलं रात्रीत गार होतं. सुती मोज्यांवर चढतील असे मोठ्या मापाचे रबरी हातमोजे आणून ठेवा, आणि काम झाल्यावर हात पुसायला कोरडा पंचा आणि लावायला तेल. जमत असेल तर मोरीवर तीन लिटरचा छोटा गिझर बसवा. तीन हजार वॉटचा गिझर दहा मिनिटं चालला तर अर्धं युनिट वीज लागते. तेवढ्यात एका घरची भांडी निघतात.